धामणपाड्याची साथ

वरच्या आळीची पाण्याची मोटार जळाली त्याला पाच महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात आळीतल्या साठही घरांनी लोटनला शिव्या घातल्या होत्या. चोपडा तालुक्यातल्या धामणपाड्यात नळाचा व्हॉल्व्ह सोडणं आणि बंद करणं, हे लोटनचं काम. पाणी नसलं तरी तो रोज सकाळी टाकीखाली जायचा, चावी फिरवायचा, पाइपाला कान लावायचा आणि चावी पुन्हा बंद करून घरी यायचा. शिव्यांचं त्याला फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते ताईबाईचं. ताईबाई त्याची बायको. मळ्याच्या विहिरीवरून ती रोज पाच खेपा आणायची, मग दुखरा गुडघा धरून उंबऱ्यात बसायची आणि एक शब्द बोलायची नाही. तिच्या त्या न बोलण्याचंच लोटनला ओझं व्हायचं.

चौदावा अर्ज घेऊन तो जळगावला गेला, तर अर्ज घेणारे साहेब रजेवर. उतरलेल्या तोंडानं तो स्टँडकडे निघाला, तेव्हा एका कापडाच्या दुकानावर त्याला नवी पाटी दिसली : 'इंटरनेट. जगात कुठेही पत्र, पाच मिनिटांत.' साल एकोणीसशे नव्व्याण्णव. आत लुगड्यांच्या थप्प्यांशेजारी एकुलता एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढे डोक्यावर पदर घेऊन मालकांची सून धनकुंवर बसली होती.

"बाई, हाई पत्र सरकारले जास का?" लोटननं विचारलं.

"जातं ना, भाऊ. मुंबईत सरकारनं नवा तक्रार कक्ष उघडलाय. त्याचा पत्ता परवाच पेपरात आला होता."

"आठला, जळगावना सायेब रजेवर शे. मुंबईना भी रजेवर व्हयी ते?"

"हे पत्र साहेबाची वाट बघत तिथंच बसून राहतं. बोला, मी टाईप करते. मराठी अक्षरं त्यांच्या मशीनवर चौकटी-चौकटी दिसतात, म्हणून मराठीच, पण इंग्लिश अक्षरांत लिहायचं."

लोटननं अर्ज काढला आणि 'महोदय, सविनय सादर' इथून सुरुवात केली. धनकुंवर हसली. "एवढं नको. काय झालंय ते तुमच्या तोंडानं सांगा."

लोटननं अर्जाची घडी करून खिशात घातली. पाच महिन्यांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग तो म्हणाला, "वरल्या आळीमा साठ घरेसमा पानी नही. पाच महिना व्हयनात. बायका मरी राह्यन्यात, बाई."

धनकुंवरचे डोळे भरून आले. तिनं शब्दन् शब्द टाईप केला, खाली लोटनचं नाव-गाव घातलं आणि बटण दाबलं.

आता घोळ असा की इंग्लिश अक्षरांत 'साठ' लिहा नाहीतर 'साथ', दोन्ही सारखंच दिसतं. मुंबईत ज्यानं ते पत्र उघडलं त्यानं वाचलं, 'आळीत साथ. घरांत पाणी नाही. बायका मरत आहेत.' तो खुर्चीतून उठलाच. जिल्ह्याला फोन गेला तेव्हा नुसती साथ होती. तालुक्याला पोचेपर्यंत तिची पटकी झाली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी धामणपाड्यात दोन जीपगाड्या शिरल्या. डॉक्टर, तीन नर्सबाया, लशीची पेटी, ब्लिचिंग पावडरची पोती. जीपचं इंजिन धडधडत असतानाच डॉक्टर ओरडले, "लोटन कोण? साथ कुठंय?"

लोटनच्या डोक्यात पाच महिने एकच आकडा घोळत होता. तो धावत पुढे आला. "साठ वरल्या आळीमा शे, सायेब!"

"किती घरांत?"

"बठ्ठासमा! येक भी घर सुटनं नही!"

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. "कुणालाही गावाबाहेर सोडू नका!"

दोन तासांत वरच्या आळीत एकही दंड मोकळा राहिला नाही. आळीतल्या म्हाताऱ्या सुपडूनानांना गोठ्यातून ओढून आणून टोचलं. मोटार बघायला माणसं आली असं समजून सरपंच रुपचंदआबा हार घेऊन आले, तर त्यांनाही टोचलं. दुपारपर्यंत सगळ्यांचे दंड सुजले आणि सगळा गाव लोटनच्या नावानं कण्हू लागला. एवढं करूनही आजारी माणूस काही सापडेना.

डॉक्टरांनी खिशातून कागद काढला आणि मोठ्यानं वाचला. 'साथ' म्हणताच लोटन कळवळून म्हणाला, "साथ नही हो, सायेब! साठ! तीन इसा, साठ घरे!"

मग सरपंच दंड चोळत गरजले, "सायेब, याना वर खोटी तक्रारनी केस करा! मी आजच याले कामवरथीन काढस!"

"रिपोर्ट तर मला लिहावाच लागेल," डॉक्टर कोरडेपणानं म्हणाले. "आधी हात धुवायला पाणी द्या."

डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत पावडरीनं माखले होते. त्यांनी भिंतीवरचा नळ फिरवला. नळातून एक कोळी बाहेर आला.

तेवढ्यात लंगडत ताईबाई आली. तिच्या डोक्यावर हंडा होता, दिवसातली चौथी खेप. ती डॉक्टरांच्या हातावर पाणी घालत राहिली. ब्लिचिंग पावडर ती. पाणी लागलं की जास्तच बुळबुळीत होई. डॉक्टरांचे हात स्वच्छ झाले तेव्हा हंडा रिकामा झाला होता. तिनं तो उचलला आणि परत विहिरीच्या वाटेला लागली.

"कुठं चालल्या या?"

"पानीले," लोटन खाली बघत म्हणाला. "मनी बायको शे, सायेब. गुडघा गया तिना."

डॉक्टरांनी तिच्या लंगड्या चालीकडे पाहिलं. मग जीपच्या बॉनेटवर तोच कागद ठेवून त्यांनी लिहिलं, 'सध्या साथ नाही. परंतु आठ दिवसांत पाणी न दिल्यास निश्चित येईल, आणि त्यास जे जबाबदार असतील त्यांना पाणी नसल्याचे आधीच लेखी कळवलेले आहे.'

मुंबईहून आलेल्या कागदावर असा शेरा पडल्यावर तो दाबायची कुणाची छाती होईना. सहाव्या दिवशी नवी मोटार आली. सातव्या दिवशी लोटननं चावी फिरवली, पाइपाला कान लावला आणि तसाच उभा राहिला. आत पाणी धावत होतं.

तो घरी पळत आला. नळ धो-धो वाहत होता आणि ताईबाई घरात नव्हती. शेजारची भिकुबाईही नव्हती. लोटन विहिरीकडे धावला.

विहिरीच्या काठी आळीतल्या दहा-बारा बाया रिकाम्या हातानं बसल्या होत्या. मधोमध ताईबाई हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसून लोळत होत्या. ताईबाईला इतकं बोलताना लोटननं वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं.

"आठे काय करी राह्यनी? नळले पानी उनं ना!"

"म्हाईत शे," ताईबाई म्हणाली. "घर बसीसन कोनसंगे बोलू? पाच महिना आठेच बोलाले भेटनं."

घरी एक शब्द न बोलणारी ही बाई इथं सगळं बोलून मोकळी होत होती तर!

"आठे बसाले ओटा नही," भिकुबाई म्हणाली. "सावली नही. लिखा ना भाऊ, तुमना त्या मशीनवर."

"लिखस, लिखस. उद्याच जास जळगावले."

"तुम्ही नका लिखू," ताईबाई पदर झटकत उठली. "मी येस संगे. आमनं आम्ही सांगसूत."