सुधारलेला सूर

"काकू, काकांचा आवाज एकदम सुरात आणून दिलाय," असं म्हणत वर्गातल्या पिंजारलेल्या केसांच्या झिपरीने हौसेने हेडफोन काकूंच्या कानांवर चढवला.

काकूंनी ऐकलं. दाढी करता करता गुणगुणणारा त्यांचा नवरा, मागे नळाची धार, सगळं तेच. पण सूर असा नेमका, की कुणी परका माणूस न्हाणीघरात शिरल्यासारखं वाटलं. हेडफोन काढून त्या स्टुलावर बसल्या.

नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून काकूंनी या वयात आधुनिक संगीताच्या शाळेत नाव घातलं होतं. वर्षअखेरीला प्रत्येकाने संगणकावर एक गाणं रचून द्यायचं होतं. ह्यांच्या गुणगुणण्याचा एवढा एकच तुकडा मोबाइलवर उरला होता. तो त्यांना गाण्यात गुंफायचा होता. तुकडा शाळेच्या संगणकावर चढला, तसा तो जुना मोबाइल काकूंनी निर्धास्तपणे मोडीत काढला. आणि झिपरीने बेसूर आवाज सुरात आणणारं बटण दाबून, जुन्यावरच नवं साठवून टाकलं.

"मूळचं कुठे गेलं गं?"

"तेच तर सुधारलं ना, काकू. सगळ्यांच्याच आवाजाला करतो आपण तसं."

जन्मभर काकू न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहून म्हणत आल्या होत्या, "सुरात गा, नाहीतर गप्प बसा." ह्यांनी आता दोन्ही ऐकलं होतं.

"त्यात काय, पुन्हा बिघडवू," सर म्हणाले. त्यांनी सूर खाली ओढला, तर काका तापाने फणफणलेले वाटले. वर ढकलला, तर कुणी चिमटा काढल्यासारखे. मग वर्गातली मुलं एकेक करून गायला उभी राहिली. पण शिकलेले गळे ते. बेसूर झाले तरी शिस्तीत व्हायचे.

"असं नाही रे," काकू म्हणाल्या. "हे तिसऱ्या ओळीला जिना चढायला घ्यायचे आणि मधल्याच पायरीवर बसायचे."

सरांनी हात टेकले. "काकू, घरात दुसऱ्या कुणाचा आहे का असा गळा?"

काकूंचा चेहरा पडला. होता एक. धाकटा दीर. ह्यांच्या माघारी घरातल्या जुन्या कपाटाच्या वाटणीवरून बोलणं तुटलं होतं, आणि 'वहिनी आता म्हातारपणी नाचणार वाटतं' असं तो चारचौघांत म्हणाल्याचंही कानावर आलं होतं. बरेच दिवस फोनकडे नुसतं बघून झालं. शेवटी काकूंनी नंबर लावला.

भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत आले. "कपाटाचं बोलायचं असेल, तर..."

"गायचंय तुम्हाला."

"मी? दादा तर मलाच बेसूर म्हणायचा."

"हो. तेच पाहिजे."

बंद खोलीत माइकसमोर भाऊजी गायले. तिसऱ्या ओळीला जिना चढायला लागले आणि नेमके त्याच पायरीवर बसले. काचेपलीकडे काकूंनी चष्मा काढला. झिपरीचं बोट सवयीने बटणाकडे गेलं, तसं त्यांनी तिचं मनगट धरलं.

गाण्यावर परीक्षकांचा शेरा आला, 'रचना बरी. गायक कच्चा.' काकूंना चाललं. भाऊजींच्या मात्र ते जिव्हारी लागलं.

"वहिनी, मीही नाव घातलंय शाळेत," ते एक दिवस येऊन म्हणाले. "सर म्हणतात, मेहनत केली तर वर्षभरात सूर पक्का होईल."

"तिसऱ्या ओळीचासुद्धा?" काकूंनी विचारलं.

काकूंचं घर शाळेच्या वाटेवरच. तेव्हापासून भाऊजींच्या वर्गाची वेळ झाली, की त्या दारात उभ्या असतात.

"भाऊजी, चहा घेऊन जा."

"उशीर होतोय, वहिनी."

"ते कपाटाचं बोलायचं राहिलंय ना आपलं."

भाऊजी बसतात. कपात चमचा ढवळत गुणगुणायला लागतात. तिसऱ्या ओळीला काकू गॅस बारीक करतात आणि कान देऊन उभ्या राहतात.

कपाटाचं बोलणं अजून संपलेलं नाही.