देविदासभाऊंचे पातळ हातमोजे

देविदासभाऊ हातमोजे विकत घ्यायला गेले की आधी डोळे मिटतात. मोजे हातात चढवायचे, खिशातून जर्द्याची जुनी डबी काढायची, तिच्यातला रुईचा पुंजका दोन्ही चिमटींत धरायचा आणि डोळे मिटून हळूहळू ओढायचा. रुईच्या तारेची लांबी मोज्यातून बोटांना कळली, तर मोजा पास. आजवर एकही पास झालेला नाही. दिग्रसच्या औषधाच्या दुकानात ही परीक्षा सुरू झाली की मागे रांगेत उभी असलेली माणसं खोकायची थांबतात.

"भाऊ, ऑपरेशनचे मोजे हायेत हे," दुकानदार एकदा वैतागून म्हणाला. "याच्यापेक्षा पातळ म्हणजे कातडीच."

"डॉक्टरले चालत असन. त्याच्या समोर लाइट रायते," भाऊ म्हणाले. "मले खेकड्याच्या बिळात हात घालायचा हाय."

भाऊ माझे शेजारी. कापसाच्या जिनिंगमध्ये ते ग्रेडर होते. म्हणजे गठाणीतली चिमूटभर रुई ओढून तिचा धागा किती लांबीचा, हे सांगण्याचं काम. भाऊंनी 'एकोणतीस मिलिमीटर' म्हटलं की एकोणतीस. मोठमोठे व्यापारी त्यांच्या दोन बोटांकडे निकालाच्या यादीकडे पाहावं तसे पाहत. पुढे मालकांनी लांबी मोजायचं मशीन आणलं. त्याला हार घातला, नारळ फोडला, एका पुढाऱ्याने विज्ञानावर पाऊण तास भाषण केलं आणि शेवटी बटण दाबलं. मशीनने तो आकडा दाखवला जो भाऊंनी सकाळीच सांगितला होता. टाळ्या मशीनला पडल्या. भाऊंनीही वाजवल्या.

"डोये फसवते, मास्तर," ते मला म्हणतात. मी शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी मी मास्तरच. "कोणती बी गोष्ट बोटाले इचारा." वांगी, कुडत्याचं कापड, लग्नपत्रिकेचा कागद, सगळं ते बोटांना विचारून ठरवतात. मी विकत आणलेलं नवं पुस्तक त्यांच्या हातात दिलं, तर न उघडताच म्हणाले, "पान हलकं हाय." पुस्तकाबद्दल माझंही तेच मत झालं, पण मला त्यासाठी दोनशे पानं वाचावी लागली.

झड लागली, दिवसचे दिवस भुरभुर पाऊस लागून राहिला, की भाऊ प्लास्टिकच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन गावाबाहेरच्या ओढ्यावर जातात. याला ते शिकार म्हणतात. दुपारी परततात तेव्हा थैलीत दोन खेकडे, फार तर तीन. पुष्कळदा नुसतंच पाणी. वहिनी दारातून विचारतात, "शिकारी आले का? वरण करून ठेवलं हाय मी." इतक्या वर्षांत त्या वरणाचा अंदाज चुकल्याचं मी ऐकलेलं नाही.

ही शिकार भाऊंनी आजवर उघड्या हातांनीच केली. मोज्यांचं वेड गेल्या वर्षीपासूनचं. कारण विचारलं तर म्हणत, "खेकडं चावते ना." ते आधी चावत नव्हते का, हे विचारायचं मला सुचलं नाही. शोध मात्र जोरात चालला. भांडी घासायचे गुलाबी मोजे झाले, फवारणीचे झाले, केसांच्या डाईबरोबर येणारे झाले. प्रत्येकावर एकच शेरा. "जाड."

शेवटी मीच मोबाइलवरून एक जोड मागवला. खास शिकारीसाठी, ओल्या हवेत वापरायचा, पातळ, आत थेंब न शिरणारा. पाकिटावर बंदूकवाला एक दाढीवाला गोरा साहेब होता आणि शेजारी कुत्रा. दोघं दूर कुठेतरी अतिशय गंभीरपणे पाहत होते.

"याची शिकार पयून गेली वाट्टे," भाऊ म्हणाले. मोजा त्यांनी गालाला लावून पाहिला. कांद्याच्या पापुद्र्यासारखा होता. दुकानात जशी परीक्षा घेत, तशी या वेळी घेतली नाही. "ओढ्यावरच पाहू. तुमी बी चाला."

झडीत आमच्याकडचा मुलूख धुवून विटलेल्या लुगड्यासारखा दिसतो. पराटीची, म्हणजे कपाशीची, शेतं कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते कळत नाही. एक बैल दिसत नव्हता, त्याची घंटा तेवढी चालत होती. ओढ्याचं पाणी कुजबुजल्यासारखं वाहत होतं. आपण जागे आहोत की दुपारच्या झोपेत, असा मला प्रश्न पडला. भाऊ काठावर पालथे झोपले, मोजा चढवला आणि हात खांद्यापर्यंत बिळात घातला. डोळे मिटलेले. बराच वेळ गेला.

"जाड," ते म्हणाले.

मोजा काढून त्यांनी दगडावर ठेवला आणि उघडा हात आत घातला. चेहऱ्यावर कुणाचं तरी बोलणं कान देऊन ऐकावं तसा भाव. मग मान हलवली. "रिकामं हाय, मास्तर." आणि हात बाहेर काढला.

करंगळीला खेकडा लटकलेला होता. नांगी पुरती रुतली होती, रक्त मनगटापर्यंत ओघळत होतं. भाऊ शांतपणे पुढचं बीळ शोधत होते.

"भाऊ," मी म्हणालो, "तुमचं बोट."

त्यांनी पाहिलं. आधी खेकड्याकडे, मग माझ्याकडे. खेकडा अलगद सोडवून पाण्यात ठेवला.

"वर्स झालं," ते म्हणाले. "साखरेनं बोटं निजवली. डॉक्टर म्हणते, आता नाई उठत. मले वाटलं, मोजा घातला तर निदान मोज्याले नावं ठेवता येते." मग म्हणाले, "घरी नका सांगू. तिले वाटते माह्या बोटांत अजून बी ग्रेडर हाय."

मी दगडावरचा मोजा उचलला आणि स्वतःच्या हातात चढवला. साप, विंचू आणि वाचलेलं सगळं प्राणिशास्त्र एकदम आठवलं. तरी हात आत घातला.

"भेऊ नका," भाऊ कानाशी म्हणाले. "वरून धरा. पाठीवर. आता अंगठा पोटाखाली न्या. झाकणी लागून राह्यली? निमुळती हाय का गोल? गोल असन तं मादी."

"गोल," मी म्हणालो. "भाऊ, आत काहीतरी वळवळतंय. राईएवढं. पुष्कळ आहे."

"बाळंतीण हाय," ते म्हणाले. "पिल्लं पोटाशी घेऊन बसली. सोडा, मास्तर. हळूच."

मी सोडली. पुढच्या बिळातही तशीच, त्यापुढच्याही. झडीच्या दिवसांत बहुतेक अशाच असतात, भाऊंनी सांगितलं. थैली इतकी वर्षं रिकामी का येत होती, ते मला बोटांनीच कळलं.

घरी पोचलो तेव्हा वरणाचा वास दारापर्यंत आला होता. वहिनींनी थैलीकडे पाहिलं नाही. माझ्या हातातल्या मोज्याकडे पाहिलं, भाऊंच्या करंगळीला चिंधी बांधली आणि चहा आणला. माझा कप इतका गरम होता की मला तो लगेच खाली ठेवावा लागला. भाऊंच्या कपातून वाफ येत नव्हती. वर साय धरली होती. तो वहिनींनी कधीचाच निववून ठेवला असावा.

भाऊंनी कप दोन्ही हातांत धरला आणि फुंकर घालून घालून तो थंडगार चहा प्यायला सुरुवात केली. वहिनी दाराबाहेर पावसाकडे पाहत होत्या.

"लई गरम झाला का हो?" त्यांनी विचारलं.

"हाय थोडा," भाऊ म्हणाले.