बारा गार्ड, एक जबडा

कुठलीही नवी वस्तू उद्घाटन झाल्याशिवाय चालू होत नाही, हे शास्त्र आहे. नाक्यावरचा दिवा असो की गटाराचं झाकण, पाहुण्याचा हात लागल्याशिवाय त्याच्यात जीव येत नाही. चिंचोटीचा धबधबा तेवढा उद्घाटन न करता पडतो, म्हणून तर पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालावी लागते.

तर आमच्या आचोळ्याच्या बॉक्सिंग मंडळात बारा नवे माउथगार्ड आले. भेट कोणाची? अध्यक्षांची. गार्ड म्हणजे दातांवर चढवायची टोपी. माल रबरासारखा मऊ, चपलेच्या तळव्यात असतो त्याच जातीचा (पण हा तोंडात घालतात, म्हणून याला मान). पुढे जाड, ठोसा झेलायला. मागे पातळ, श्वास घ्यायला. गरम पाण्यात बुडवायचा, जरा निवू द्यायचा, वरच्या दातांवर बसवून चावायचा. ज्याने चावला त्याच्या दातांचा साचा पडतो, मग तो त्याच्याच तोंडाला घट्ट बसतो.

आता पहिला चावा कोणाचा? अर्थात अध्यक्षांचा. हरिश्चंद्र केनी, आमचे भाऊ. फीत कापून त्यांनी गरम पाण्याचं पातेलं पुढे ओढलं.

फ्रान्सिस सर, आमचे कोच, कानाशी जाऊन म्हणाले, "भाऊ, हा ज्याचा त्याने चावायचा असतो."

"फ्रान्सिस, नाक्यावरच्या रस्त्याचं उद्घाटन मी केलं. मग त्याच्यावरून काय मी एकटाच चालतो?"

आता याला तुम्ही तरी काय उत्तर दिलं असतं?

भाऊंनी कवळी काढून सरबताच्या ग्लासात ठेवली (गरम माल कवळीसकट निघून येईल ही भीती) आणि एकामागून एक बाराही गार्ड चावले. एकावर थांबले असते तर बाकीच्या अकरांवर अन्याय झाला असता. वरच्या जबड्यात भाऊंचा स्वतःचा दात एकही नाही. त्यामुळे गार्ड आतून बाराच्या बारा गुळगुळीत. इतकं सपाट काम अख्ख्या वसई-विरारमध्ये दुसरं दाखवा. समानता शंभर टक्के: कोणालाच बसत नव्हते.

सर म्हणाले, परत गरम करून पोरांच्या दातांवर बसवू. भाऊंचा चेहराच पडला. "म्हणजे माझी निशाणी पुसणार?" तिथल्या तिथे ठराव झाला, गार्ड घरी न्यायचे नाहीत आणि मंडळाच्या आवारात गरम पाण्याला मनाई. (चहाला सूट.)

अडचण एकाच पोरीची झाली. तुळिंजची उन्नती जिल्ह्याच्या फायनलला पोचली होती. जिंकली तर थेट राज्याच्या संघात. जुना गार्ड चावून चावून फाटलेला, म्हणून वाट्याला हा आला. तिची आई सरलाबाई म्हणाली, "दुधाचे पडले तेव्हा देवाने दुसरे दिले गं. आता गेले तर तो नाही देणार."

"आई, दाबून धरते ना. तू नको टेन्शन घेऊ."

पहिल्या फेरीत तिने खरंच दाबून धरला. पण धरायला तोंड मिटावं लागतं आणि श्वासाला उघडावं लागतं. दुसऱ्या फेरीत पोरीने श्वास घेण्याची चूक केली. गार्ड निसटला, समोरून ठोसा आला, पुढचा दात मॅटवर. पंचांनी लढत थांबवली. राज्याच्या संघात दुसरी गेली.

मंडळाने रीतसर चौकशी केली. गार्ड उलटासुलटा करून पाहिला, ओरखडासुद्धा नाही. निष्कर्ष: माल उत्तम, दात हलक्या प्रतीचा.

मग सत्कार ठेवला. उन्नतीचा नव्हे हो, भाऊंचा. त्यांनी दिलेला गार्ड एवढ्या ठोशातून सहीसलामत वाचला म्हणून. भाऊ मधे, हातात गार्ड. बाजूला उन्नती. फोटोवाला ओरडला, "ताई, तोंड मिटा जरा, खिंडार दिसतंय."

सरलाबाई खुर्चीवरून उठली. "तिचं काय मिटवतोस मेल्या? ज्याने बारा चावले त्याचं मिटव!"

कोणीतरी घाईघाईने बँजो चालू केला.

फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. 'सुरक्षित खेळ, भाऊंची साथ.' खाली फुलं, टाळ्या, जोडलेले हात. त्यात तुमचेही होते, मी नाव वाचलंय. हॉलमध्येसुद्धा होतात तुम्ही, तिसऱ्या रांगेत. समोसा आला तेव्हा तेवढं तोंड उघडलंत. आता हसताय. हसा.

उन्नतीने तोंड मिटलं, तिचा दात गेला होता म्हणून. तुमचे तर सगळे शाबूत होते. तुम्ही कशाला मिटलंत?