नाव घ्या, नाव!

रविवारी दुपारी कृष्णेतल्या बेटावर उतरतानाच नारायणरावांनी नावाड्याला बजावलं, "हाक मारल्याशिवाय इकडे फिरकू नकोस. चक्रवाक उडून जातील."

"न्हाई येत, सायेब. नुसतं 'नारायण' म्हनून हाळी द्या, आलोच!"

नावाड्याचंही नाव नारायणच होतं. त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंना तेव्हाच कसंसं झालं.

सांगलीच्या बँकेतल्या नारायणरावांना हल्ली पाखरांचं वेड लागलं होतं. बेटावर ना पायवाट, ना झोपडी. नुसती वाळू, लव्हाळी आणि बाभळी. त्यांचा जीव चक्रवाकांच्या नारिंगी जोडीत, तर अनसूयाबाईंचा पैलतीरीच्या देवळात. दिवेलागणीला तिथे दिवा लावायचा त्यांचा नेम लग्नापासून मोडला नव्हता.

ऊन कलताच त्यांनी घाई केली. नारायणरावांनी हाका मारमार मारल्या, पण वारा उलटा आणि नावाडी काठाला लावलेल्या नावेत घोंगडी पांघरून गाढ झोपलेला. वारा पडला तेव्हा नारायणरावांचा घसाही बसला होता.

"आता तू मार हाक," ते कसेबसे कुजबुजले.

"अगंबाई! तुमचं नाव आहे ते!"

"अगं, नावाड्याचं!"

"अक्षरं तीच ना?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सत्यनारायणालाही त्या नुसतं सत्यदेव म्हणत. विष्णुसहस्रनामातलं तेवढं एक नाव त्या ओठांतच गिळत. देव समजून घेई, पण झोपलेला नावाडी कसा घेणार?

सूर्य बाभळींना टेकला. अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात समोरच्या काठावर, नावेजवळच धुणं पिळणारी एक बाई दिसली.

"अहो बाई, नाव! नाव!"

"माजं व्हय? रंगुबाई!"

"तुमचं नको हो! त्या झोपलेल्याला हाक मारा!"

"त्येचं नाव मला काय ठावं? मी पावनी हाय हितं. तुमीच घ्या की!"

"मला घेता येत नाही! मालकांचं आहे!"

रंगुबाईच्या हातातला पिळा गळून पडला. तिने नावाड्याकडे पाहिलं, मग बेटावरच्या नारायणरावांकडे.

"आगं बया! मालक ह्यो? मग तितं संगं कोन हाय?"

अनसूयाबाई मटकन वाळूत बसल्या. नेमही जाणार आणि अब्रूही! शेवटी देवाची क्षमा मागून त्या उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि बायकांना ज्या एका वाटेने नाव घेता येतं त्या वाटेने गेल्या.

"कृष्णामाईच्या वाळूवर चक्रवाकाची जोडी,
नारायणरावांचं नाव घेते, लवकर पाठवा होडी!"

जोडी फडफडत उडून गेली. नावाडी दचकून उठला आणि नाव घेऊन आला. चेहरा लाजून लाल.

"वैनी, आमच्या घरातनंबी कवा कुनी मला 'राव' लावलं न्हाई बगा!"

नाव काठाला लागली तेव्हा देवळातला कोनाडा अंधारात बुडाला होता. रंगुबाई कमरेवर हात ठेवून वाटच पाहत होती. तिने नावाड्याला फैलावर घेतलं.

"नारायनराव तुमीच न्हवं? बायकू परक्यासंगं बेटावर, आन् तुमी खुशाल घोरतासा?"

"आवं, माजी न्हाई ती! ह्या सायबांची हाय."

"मग ह्यास्नी सांगू द्या की त्यांचं नाव!"

नारायणरावांनी तोंड उघडलं. आता कुजबुजही निघेना.

रंगुबाई अनसूयाबाईंकडे वळली. "बाई, आता तुमीच सांगा. खरं मालक कोन? नाव घ्या, नाव!"