धुराने पेज खाल्ली

धाकू डोर्लेकराच्या शेगडीचा धूर पौषापासून माझ्या मचव्यावर खलाशी आहे.

आमचे दोन मचवे खाडीत एकमेकांना बांधलेले, मध्ये ये-जा करायला एक फळी. दोन्ही म्हातारे, आणि आम्हीही. पोरं नव्या बोटी घेऊन समुद्रात जातात, आम्ही जुन्यांवर राहून राखण करतो. थंडी पडली की धाकू शेगडीत ओली लाकडं कोंबतो आणि वारा कुठलाही असो, धूर मधली फळी ओलांडून माझ्याकडे येतो. मला दमा. डॉक्टर म्हणाला, आणखी एक थंडी या धुरात काढलीत तर मचवा सोडून मुलाच्या घरी राहावं लागेल. मुलाचं घर चांगलं आहे. पण ते हलत नाही. तिथे मला झोप लागत नाही.

"धाकू, तुझा धूर आवर."

"मी काय धाडतो त्याला तुझ्याकडे?"

"सुकी लाकडं घाल."

"आणून दे, घालतो."

तीन वर्षं हेच. मग चूक झाली, ती माझी. सकाळी पेज निवायला डोलकाठीशी ठेवली होती. धूर आला आणि थाळ्याभोवती मांडी घालून बसला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "घे, तूच गीळ सगळी!"

थाळा रिकामा झाला.

आमच्या खाडीचा दंडक आहे. ज्याने तुमच्या मचव्यावर मालकाच्या हातची पेज खाल्ली, तो नारळी पुनवेपर्यंत तुमचा खलाशी. तोवर त्याला उतरवता येत नाही.

धाकू फळीवर उभा राहून बघत होता. "सोमा, मेल्या, काय करून बसलास?"

"रागात बोललो रे."

"बोललास ना? आणि त्याने खाल्ली ना?"

मी बंदरावरच्या कचेरीत गेलो. केळुसकर कारकून वयाने पोरगा, पण काम चोख. त्याने वही उघडली.

"पेज रागाने दिलीत की मायेने, असा रकाना नाही, आजोबा. मीठ होतं पेजेत?"

"होतं."

"मग झालं. खलाशाचं नाव?"

"धुराला कसलं आलंय नाव!"

"बरं. राहणार कुठला?"

"धाकूची शेगडी."

त्याने तसं लिहिलं, शाई टिपली. "आता त्याला उतरवायचं ते पुनवेला. त्याआधी तुम्ही उतरू शकता. मालकाला मनाई नाही."

धूर राहिला. पूर्वी दुपारी तरी परत जायचा, आता जाईना. धाकूची शेगडी स्वच्छ जळायला लागली, नखाएवढा धूर नाही. इकडे मी खोकून निळा पडलो. शुक्रवारी मुलगा धक्क्यावर रिक्षा घेऊन आला.

"बाबा, चला. पुरे झालं आता."

मी गाठोडं उचललं. तेवढ्यात धाकू शेगडीपाशी बसल्या बसल्या ओरडला, "अरे बैला, माझ्याकडे धूर उरलाय कुठे? इकडे ये!"

मी फळी ओलांडली. मुलाने रिक्षा परत पाठवली.

चार दिवसांत खोकला थांबला. धाकू घोरतो, पण त्याचा मचवा हलतो. माझा मचवा समोर दिसायचा. धूर सुकाणूपाशी बसलेला असायचा. काम चांगलं करतो, हे म्हटलं पाहिजे. दोर सैल पडू देत नाही. कावळ्याला टेकू देत नाही. पाणी कसं उपसतो ठाऊक नाही, पण तळ कोरडा असतो. माझ्या हाताखाली इतका कोरडा कधी नव्हता.

नारळी पुनवेला केळुसकर वही घेऊन आला.

"मुदत संपली, आजोबा. उतरवू त्याला? उतरला की आपल्या ठिकाणी परत जाईल."

त्याचं ठिकाण म्हणजे धाकूची शेगडी. माझं अंथरूण तिच्यापासून दोन हातांवर. मी धाकूकडे पाहिलं. तो खाली बघून लाकडं सारत राहिला.

"थांब जरा," मी कारकुनाला म्हटलं.

मी पेज वाढून घेतली. मीठ चाखून पाहिलं, कमी होतं, आणखी घातलं. थाळा घेऊन फळीवरून माझ्या मचव्याकडे गेलो. मचवा माझ्या बापाने बांधला. त्याच्यावर चढताना मी आजवर कोणाला विचारलं नव्हतं. फळीच्या टोकाला मी थांबलो.

"येऊ का?" मी विचारलं.

धूर जरा बाजूला सरकला.