पाठीने पाहिलेली खोली

रिकामी खोली दिसली, की आमचे दत्तूमामा चपला दाराबाहेर काढत आणि इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यानिशी उघड्या फरशीवर उताणे पडत. पापण्या मिटलेल्या, हात पोटावर जुळवलेले. घरमालकांची त्रेधा उडे. प्रतापनगरातल्या एका बाईंनी तर घाबरून त्यांच्या तोंडावर तांब्यातले पाणीच शिंपडले.

"चक्कर नाही आली, बाई," मामा निथळत म्हणाले. "खोली पाहून राहिलो."

महाविद्यालयातल्या नोकरीसाठी मी नागपुरात आले, ती पूर्वेच्या टोकाला, कळमन्याला मामांकडेच उतरले. महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. बस बदलत पोहोचेपर्यंत माझा पहिला तास संपलेला असे. प्राचार्यांनी निर्वाणीची समज दिली होती. जवळपास खोली मिळाली नाही, तर नोकरी जाणार हे उघड होते. पण मामांच्या पाठीला एकही खोली मानवेना.

"खोली डोळ्यानं नाही वं, पाठीनं पाहा लागते," असे बजावून ते निकाल देत. "भिंत पश्चिमेची आहे. मे महिन्यात पोरीचा पापड होईन." दुसरीकडे, "खालचे लोक भांडखोर आहेत. फरशी थरथरून राहिली." तिसऱ्या खोलीला कूलर बसवण्याजोगी खिडकीच नव्हती. तिथे आडवे होण्याचे कष्टही न घेता ते मालकाला म्हणाले, "एक उन्हाळा तुम्ही राहून दाखवा, मंग बोलू."

अखेर महाविद्यालयाजवळच, धरमपेठेत एक खोली मिळाली. खिडकीत कडुनिंबाची हलती सावली, कूलरच्या ओल्या वाळ्याचा गारवा, मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरातून गोळाभातावर ओतलेल्या फोडणीचा घमघमाट. मामा आडवे झाले. बराच वेळ उठेनात.

"काहून हो भाऊ, काही खोट आहे काय?" मालकीणबाईंनी विचारले.

"तेच शोधून राहिलो," मामा डोळे न उघडता म्हणाले. "सापडत नाही."

मग ते उठले, सदरा झटकला. "पोरीले तिखट सोसत नाही. अन् झोपेत बडबडते, भिऊ नका. जरासं नाव घेऊन हाक मारली, की निवते."

हे मला आजवर कुणी सांगितले नव्हते.

परतताना मामांची स्कूटर पूर्वेऐवजी पश्चिमेला, अंबाझरीच्या वाटेला लागली, तिथून फुटाळा तलावाकडे. तलावाचा वारा शेवाळाच्या गार वासाने भरलेला होता.

"मामा, कळमना इकडून?"

"इकडून गर्दी कमी राहते."

तलावाच्या कडेने त्यांनी स्कूटर सावकाश पुढे नेली. मग मागे न पाहता म्हणाले, "सामान उद्याच न्या लागते काय?"

"रविवारी नेऊ," मी म्हटले.

 स्कूटर आणखी हळू झाली.