शुक्रवारी मरणारं कार्ड

दाऊद सरांच्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड दर शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजानंतर मरतं. शनिवार ते गुरुवार ते ठणठणीत असतं.

सर म्हसळ्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. पत्नी वारल्या. मुलगी सलमा मस्कतला नेटवर्कचंच काम करते. जाताना तिने सरांना लिनक्स टाकून दिलं. तेव्हापासून सर विंडोज वापरणाऱ्यांकडे कॉपी करून पास झालेल्या पोरांकडे बघावं तसं बघतात.

शुक्रवारी सलमाला सुट्टी. तिचा फोन आला की सर कार्डाच्या हिरव्या दिव्याकडे बघत ठरलेलं वाक्य टाकतात, "लिंक हाय, पन बोलत न्हाय." मग ती कमांड सांगते आणि सर एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करतात. "डॅश का अंडरस्कोर? नीट सांग, मार्क कापीन!" तासभर हे चालतं. भिंतीपलीकडे आम्हा शेजाऱ्यांना निम्म्या कमांड पाठ झाल्या आहेत.

शेवटी मीच पनवेलहून नवीन कार्ड आणलं आणि शुक्रवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"कशाला खर्चात पडलास? चालतंय की," सर म्हणाले.

"दर शुक्रवारी मरतं, सर."

ते चहा टाकायला आत गेले. मी कॅबिनेट उघडलं. आतलं कार्ड नवं कोरं होतं. तेवढ्यात टेबलावरचा सरांचा फोन वाजला. मी उचलला आणि सलमाला प्रकार सांगितला.

"बंद करा ते कॅबिनेट, काका," ती हळूच म्हणाली. "ईदला आले तेव्हा मीच बदललंय. तरी शुक्रवारी मरतंच. मरतं कसलं, अब्बाच कनेक्शन बंद करतात."

"मग तू त्यांना तसं सांगत का नाहीस?"

"सगळं चालू असलं की 'बरी हायस ना' विचारतात आणि फोन ठेवतात."

सर चहा घेऊन आले. निकालाच्या दिवशी पोरं उभी राहायची, तसे दारात थांबले. "बसलं कार्ड?"

"नाही सर. खाच वेगळी आहे."

"तरी मी सांगत होतो!" त्यांनी कप माझ्या हातात दिला, फोन स्पीकरवर टाकला, खुर्ची ओढली. "सलमा? लिंक हाय, पन बोलत न्हाय."

"रीबूट करा, अब्बा."

"करतो. वेळ लागंल त्याला. तोवर सांग, आज काय रांधलंस?"